सा हलतो तेव्हा

युकुलेले या गिटारसारख्या लहान वाद्याच्या चार तारा कुठेही बोट न ठेवता वरून खाली छेडल्या, तर जी, सी, ई आणि ए हे चार स्वर वाजतात. पेटीची पांढरी एक हा आपला सा धरला, म्हणजेच सी हा षड्ज मानला, तर तेच चार स्वर अनुक्रमे प, सा, ग आणि ध होतात. भूप रागाला लागणाऱ्या पाच स्वरांपैकी फक्त रे तेवढा इथे नाही. वाद्य हातात घेतल्यावर पहिल्याच झंकारात इतका ओळखीचा स्वरमेळ ऐकू यावा याचे मला मनापासून अप्रूप वाटले, आणि मेजर स्केलमधल्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे मेळ, शिकायचे तर ते याच ओळखीच्या वाटेने शिकावेत, असे तेव्हापासून माझे मत झाले आहे. नवशिक्यांना बहुधा कॉर्डचे तक्ते दिले जातात. त्यांत चार उभ्या रेघा, काही आडव्या रेघा आणि बोटे कुठे ठेवायची हे सांगणारे काळे ठिपके असतात. त्या ठिपक्यांनी बोटांना जागा कळते, पण या कॉर्डनंतर तीच का आणि दुसरी का नाही, हे मात्र त्यांतून कधीच कळत नाही.

मी परभणीकडचा. आमच्या भागात संगीताची पहिली ओळख होते ती देवळातल्या भजनात. तिथे पेटी असते, पखवाज असतो, टाळ असतात आणि एखाद्याच्या खांद्याला एकतारी असते. जनाबाईंचे गंगाखेड आणि हिंगोलीकडचे नरसी नामदेव ही गावे याच टापूतली असल्याने अभंग इथे शिकवावे लागत नाहीत, ते कानावर पडतच मूल मोठे होते. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ घातला जातो, तेव्हा संबळ घुमत असते आणि तुणतुण्याची एकुलती एक तार रात्रभर तोच एक स्वर धरून असते. या सगळ्या गाण्याबजावण्यात एक गोष्ट ठाम आहे, ती म्हणजे सा एकदा लागला की तो हलत नाही. चाल कितीही वर जावो, कितीही वळणे घेवो, प्रत्येक स्वराला त्याची ओळख मिळते ती त्या स्थिर षड्जापासूनच्या अंतरामुळे. कॉर्ड प्रोग्रेशनमध्ये, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कॉर्डच्या साखळीत, नेमके याच्या उलट घडते. चाल एका स्वरावर थांबलेली असतानाही तिच्या खालची जमीन सरकू शकते. आपल्या कानाला नवे आहे ते एवढेच; बाकीचा सगळा ऐवज आपल्या सरगमात आधीपासून आहे.

युकुलेले हवाईचे म्हणून ओळखले जाते, तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या एका लहान तंतुवाद्यात आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये रेवन्सक्रॅग नावाचे जहाज मदेराहून माणसे घेऊन होनोलुलूला लागले. ती माणसे निघाली होती हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला. दर दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रवासाची कल्पना वेगळी सांगावी लागत नाही. त्या जहाजातून आलेल्या मान्युएल नुनिश, ऑगुस्तो डियाश आणि जोझे दो एस्पिरितो सांतो या तीन सुतार कारागिरांनी पुढे होनोलुलूत ही वाद्ये घडवायला सुरुवात केली, राजा कालाकौआने त्यांना दरबारात मान दिला, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या प्रदर्शनानंतर युकुलेले अमेरिकाभर पसरले. आमच्या घरी ते आले माझ्या भाचीच्या हट्टामुळे, कुरिअरच्या खोक्यातून. नायलॉनच्या नव्या तारा सुरुवातीला सारख्या ताणत जातात आणि सूर उतरत राहतो, त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. म्हणून पत्र्याच्या खोलीत वाद्य ठेवायचे नाही आणि प्रत्येक वेळी आधी तारा लावून घ्यायच्या, हे दोन नियम तिला पहिल्याच दिवशी सांगितले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे वर्गीकरण ज्या दहा थाटांत केले, त्यांतला बिलावल म्हणजे सगळे शुद्ध स्वर, आणि तीच पाश्चात्त्य संगीताची मेजर स्केल. पेटीवर पांढरी एकपासून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने दाबत गेले की ती वाजते. या सात स्वरांतून कॉर्ड तयार करण्याची रीत अगदी सरळ आहे: एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्याच्या पुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडून तिसरा घ्यावा. सापासून सुरुवात केली तर सा, ग, प मिळतात, आणि हीच सी मेजर. रेपासून रे, म, ध, म्हणजे डी मायनर. गपासून ग, प, नी, म्हणजे ई मायनर. मपासून म, ध, सा, म्हणजे एफ मेजर. पपासून प, नी, रे, म्हणजे जी मेजर. धपासून ध, सा, ग, म्हणजे ए मायनर. शेवटी नीपासून नी, रे, म हे त्रिकूट मिळते, ज्याला बी डिमिनिश्ड म्हणतात.

यांतली कोणती मेजर आणि कोणती मायनर, हे कोणी ठरवून दिलेले नाही, ते स्वरांमधल्या अंतरांवरून आपोआप ठरते. पेटीवर सापासून गपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या पुढे जावे लागते आणि गपासून पपर्यंत तीन. आधी चार आणि मग तीन अशी ठेवण असली की कॉर्ड मेजर होते. रेपासून मपर्यंत मात्र तीनच पट्ट्या आणि मपासून धपर्यंत चार. क्रम उलटला आणि कॉर्ड मायनर झाली. नीच्या कॉर्डमध्ये दोन्हीकडे तीन-तीनच पट्ट्या असल्याने ती अवघडलेली, दाटून आल्यासारखी वाजते. पहिली, चौथी आणि पाचवी मेजर, दुसरी, तिसरी आणि सहावी मायनर, आणि सातवी डिमिनिश्ड, ही वाटणी प्रत्येक मेजर स्केलमध्ये अशीच राहते, मग सा कुठल्याही पट्टीवर असो. म्हणून मी भाचीला कॉर्डची नावे नंतर सांगितली आणि आधी क्रमांक सांगितले. तिला सरगम तोंडपाठ होतीच. एक सोडून एक स्वर मोजत तिने सातही त्रिकुटे वहीत स्वतः मांडली, आणि तिच्या दृष्टीने कॉर्ड ही पुस्तकातून घ्यायची गोष्ट उरलीच नाही.

युकुलेलेचा मोठा गुण असा, की हे सगळे त्यावर डोळ्यांनी पाहता येते. ए मायनर वाजवायची तर सर्वांत वरच्या, म्हणजे जीच्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी, एकच बोट ठेवायचे; चार तारांतून ध, सा, ग, ध येतात. ते बोट तसेच ठेवून ईच्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी दुसरे बोट टेकवले की फक्त गचा म होतो, आणि कॉर्ड होते एफ. आता सीच्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी तिसरे बोट टेकवले की फक्त साचा रे होतो, आणि कॉर्ड होते डी मायनर. प्रत्येक वेळी एकच स्वर बदलतो आणि बाकीचे तीन जागेवर राहतात. भाचीने हे केले आणि ती थांबून म्हणाली, “मामा, नुसत्या एका बोटानं सगळा रंगच बदलला की.” गिटारवर सहा तारांच्या गर्दीत ही गोष्ट इतकी उघड दिसत नाही, आणि माझ्या मते सुरुवात चार तारांवर करण्याचे खरे कारण तेच आहे.

याहून अधिक वेळ मी ज्या एका प्रोग्रेशनवर घालवला, तिचा क्रम पहिली, सहावी, चौथी, पाचवी आणि परत पहिली असा आहे. सीनंतर ए मायनर, मग एफ, मग जी सेव्हन्थ, म्हणजे प, नी, रे या त्रिकुटात वरून म मिळवलेली कॉर्ड, आणि शेवटी सी. तक्त्यावर हे चार वेगवेगळे आकार दिसतात. पण एकेक तार सुटी ऐकली तर भजनात ओळीने बसलेले चौघे आपापली ओळ गात असावेत तशा या चार तारा गातात. सर्वांत खालची, ए ची तार म्हणते सा, ध, ध, नी, सा. ई ची तार म्हणते ग, ग, म, म, ग. सी ची तार पहिले तीन वेळा सा धरून बसते, एकदाच रेवर चढते आणि साला परत येते. जी ची तार म्हणते प, ध, ध, प, प. यांतल्या कुठल्याही तारेला एका वेळी दोन स्वरांहून दूर उडी मारावी लागत नाही. मी भाचीला प्रत्येक तारेची ओळ आधी गायला लावली. गाऊन झाल्यावर बोटे आपोआप जवळच्या जागा शोधू लागली, कारण आता तिचा हात ठिपक्यांमागे जात नव्हता, स्वरांमागे जात होता.

या साखळीतला शेवटचा टप्पा, जी सेव्हन्थवरून सीवर येणे, हा सगळ्या मेजर स्केलचा प्राण आहे असे मला वाटते. जी सेव्हन्थमध्ये म आणि नी एकत्र वाजतात, आणि या दोघांमधले अंतर बरोबर अर्ध्या सप्तकाचे, म्हणजे सहा पट्ट्यांचे असते. ते कानाला स्वस्थ बसू देत नाही. नीला वर एक पट्टी चढून सा गाठायचा असतो, म या स्वराला एक पट्टी उतरून गवर टेकायचे असते. युकुलेलेवर हे अक्षरशः हाताखाली घडते: ईच्या तारेवरची तर्जनी पहिल्या पडद्यावरून उचलली की म उतरून ग होतो, आणि त्याच क्षणी एच्या तारेवरचे बोट दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर सरकले की नीचा सा होतो. एक स्वर खाली आणि एक वर, दोन्ही सर्वांत लहान पावलाने. अंतऱ्याच्या शेवटी नीवर रेंगाळून गायक जेव्हा साला भिडतो, तेव्हा आपल्याला जे समाधान मिळते, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. दुसऱ्या कॉर्डवरून पाचवीवर आणि पाचवीवरून पहिलीवर येणारी जी चाल जगभर वापरली जाते, तिच्यातही शेवटचे पाऊल हेच असते. पहिली, पाचवी, सहावी, चौथी हा क्रम मात्र नव्या गाण्यांत इतका ऐकू येतो, की नवशिक्याने त्यावर फार काळ रमू नये असे मी म्हणेन. त्यात पाचवीनंतर घरी न येता सहावीकडे वळण्याची गंमत आहे, पण घरी येणे म्हणजे काय हे आधी कळले नसेल तर त्या वळणाची गंमतही कळत नाही.

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे आबा एका संध्याकाळी घरी आले होते. त्यांनी सवयीने पेटीवर सा आणि प धरून ठेवले, आणि भाचीने वर ही साखळी वाजवायला घेतली. सी आणि ए मायनर झाल्या तोवर आबा मान डोलावत होते. जी सेव्हन्थ आली तसा पेटीतला सा आणि युकुलेलेतला नी एकमेकांवर घासले, आणि आबांनी भाता थांबवला. “अगं पोरी, तू सा सोडूनच चालली की. आम्ही बसावं कुठं?” त्यांचा प्रश्न अगदी बिनतोड होता. मग मी त्यांना विनंती केली, की सा धरून न ठेवता मंद्र सप्तकात प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर दाबावा: आधी सा, मग ध, मग म, मग प, आणि पुन्हा सा. आबांनी एका बोटाने एवढेच केले आणि खोलीतला नाद एकदम भरीव झाला.

याला कारण आहे. युकुलेलेच्या सर्वांत खालच्या स्वराची तार म्हणजे पियानोच्या मधोमध असणारा सी, त्याच्या खाली या वाद्याकडे काहीच नाही. जी ची तार तर सी च्या वर असूनही ती उंच स्वरात लावलेली असते, त्यामुळे वरून खाली छेडताना स्वर आधी उतरतात आणि मग चढतात. त्यामुळे कॉर्डचा मूळ स्वर बुडाशी असेलच असे नाही. जी सेव्हन्थमध्ये सर्वांत खाली रे वाजत असतो आणि प त्याच्या वर. कानाला पाया ऐकू आला नाही तर जमीन सरकली हेच कळत नाही, नुसता रंग बदलल्यासारखा वाटतो. एकट्याने सराव करताना पेटी नसेल, तर कॉर्ड वाजवतानाच तिचा मूळ स्वर खर्जात स्वतः गावा. माझ्या अनुभवात प्रोग्रेशन समजण्याचा यापेक्षा जवळचा मार्ग नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही आणखी एक गोष्ट करून पाहिली. भाचीने चारही तारा मोकळ्या छेडत राहायचे आणि आबांनी खाली फक्त स्वर बदलायचा. मंद्र सा दाबला तेव्हा प, सा, ग, ध हा मेळ मोकळा आणि प्रसन्न वाजला. त्याला सी सिक्स्थ म्हणतात. मंद्र ध दाबला तेव्हा त्याच चार तारा गंभीर झाल्या. त्याच स्वरांना आता ए मायनर सेव्हन्थ म्हणायचे. वरच्या तारांवर बोटसुद्धा लागले नव्हते. मग तिने फक्त ईची तार, म्हणजे नुसता ग वाजवत ठेवला. खाली सा असताना तो ग गोड आणि भरलेला होता, खाली ध आल्यावर तोच ग त्याचा पंचम होऊन स्थिर झाला, आणि खाली मंद्र ग आल्यावर तो स्वतःच षड्ज होऊन बसला. आबांनी भाता सोडला आणि म्हणाले, “ही तर मूर्च्छना झाली.” ते अगदी बरोबर बोलले. भूपाच्या पाच स्वरांत गला सा मानले की मालकंस मिळतो, पला सा मानले की दुर्गा आणि धला सा मानले की धानी, हे आपल्याकडे संगीताचे विद्यार्थी शिकतातच. तिथे षड्ज एकदा बदलला की पुढचा सगळा विस्तार त्या नव्या षड्जावर उभा राहतो. कॉर्डच्या संगीतात तो दर दोन-चार मात्रांनी बदलतो, आणि मूळचा सा मनात जागा ठेवूनच बदलतो. ए मायनर वाजत असतानाही घर सी हेच आहे, हे कान विसरत नाही, म्हणून तर ती सहावी म्हणून ऐकू येते.

मग प्रत्येक अभंगाखाली कॉर्ड लावाव्यात का? माझे उत्तर नाही असे आहे. ज्या चालीचे सौंदर्य एका स्वरावर ठेहराव घेऊन त्याचा साशी असलेला संबंध न्याहाळण्यात आहे, तिच्याखालची जमीन हलवली तर ते सौंदर्य उरत नाही. पडद्यांच्या वाद्याचा स्वर सप्तकाचे बारा समान भाग करून ठरवलेला असतो, त्यामुळे त्यावरचा ग तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गपेक्षा किंचित चढा असतो, आणि तयार कानाला तो टोचतो. पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी कित्येक दशके टिकली. याउलट शाळेतली प्रार्थना, समूहगीत, सरळ लयीतली बिलावलाच्या स्वरांतली चाल यांना कॉर्ड शोभतात, कारण त्या चाली पायरीपायरीने चालतात आणि त्यांच्या ओळी पवर किंवा रेवर थांबून साकडे परततात. रेवर ओळ थांबली की तिथे पाचवी कॉर्ड बसते, धवर थांबली तर चौथी किंवा सहावी. यांपैकी कोणती, हे ओळीचा अर्थ पाहून गाणाऱ्याने ठरवायचे असते, आणि ते ठरवण्यात मोठा आनंद आहे.

क्रमांकाने शिकल्याचा उपयोग पट्टी बदलताना होतो. आबांचा आवाज काळी दोनला, भाचीचा पांढरी पाचला. आबांसाठी तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की सीचेच सगळे आकार काळी दोनमध्ये वाजतात. भाचीने स्वतः गाताना मात्र कॅपो न लावता जी मेजरमध्येच वाजवावे असा आग्रह मी धरला. तिथे पहिली जी, चौथी सी, पाचवी डी आणि सहावी ई मायनर. कालपर्यंत जी सी घर होती ती आज चौथी झाली, आणि जी पाचवी होती तीच घर झाली. आकार तेच, नाती मात्र बदलली. ई मायनरची तीन बोटे तीन तारांवर जिन्यासारखी उतरत जातात, ती बसायला वेळ लागतो, पण जी मेजरमध्ये तिच्याशिवाय सहावी नाही. एफ मेजरमध्ये चौथी म्हणून बी फ्लॅट येते आणि तिच्यात एकाच बोटाने दोन तारा दाबाव्या लागतात, म्हणून ती पट्टी आम्ही पुढे ढकलली आहे.

सध्या भाचीला चौथ्या कॉर्डने पछाडले आहे. एफ वाजवताना तिच्याकडून जीच्या तारेवरचे बोट चुकून एक पडदा खाली आले, एच्या तारेवर तिने तिसऱ्या पडद्यापाशी करंगळी टेकवली, आणि एफ मायनर वाजली: म, कोमल ध, सा. बिलावलात कोमल ध नाही. तरी तिथून सीवर परत येताना तो कोमल ध पवर इतक्या हळुवारपणे उतरतो, की ती ते पुन्हा पुन्हा वाजवून पाहते आणि हा स्वर आपल्या सातांत नसताना इथे कसा चालला, असे विचारते. मेजर स्केलच्या बाहेरून उसन्या घेतलेल्या कॉर्डचा हा प्रांत आहे. तिच्यासाठी आता मी पेटीवर फक्त ध कोमल आणि बाकी सगळे स्वर शुद्ध अशी सरगम काढून ठेवली आहे, आणि तिच्यातून एक सोडून एक धरत नवी सात त्रिकुटे मांडायला तिला पुन्हा वही घेऊन बसवले आहे.